ताणा धरायला दुसरं माणूस

४ ऑक्टोबर

माग आला. मेजावर मावतो एवढासा. लाकडी चौकट, मागे एक रूळ, पुढे एक रूळ आणि मधे वर-खाली करायची फणी. बस. हे म्हणाले, "एवढंच? मला वाटलं आता माझी आरामखुर्ची गॅलरीत जाणार." ह्यांना जगबुडी झाली तरी आधी खुर्चीची काळजी.

निवृत्त होऊन पाच महिने झाले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, हाताला काम द्या, डोक्याला विश्रांती. माझं नेमकं उलटं चाललं होतं. हात रिकामे आणि डोकं दिवसभर कोणाशी तरी भांडतंय. वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर शनिवारी विणकाम शिकवतात म्हणे. नाव घातलं.

एकतीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत फुटतूट वही लिहिली मी. तीन रकाने: तारीख, काय फुटलं, कोणाच्या हातून. कारणाचा रकाना मी कधी आखला नाही. कारणं प्रत्येक मुलाकडे असायची, ती ऐकत बसले असते तर संध्याकाळी घरी कोण पोचलं असतं? आता फोडण्यासारखं काही नाही, म्हणून ही वही.

११ ऑक्टोबर

पहिला वर्ग. आम्ही पाच जण. माझ्या शेजारी दातांचे एक डॉक्टर बसतात, ते धागा इतका आवळतात की बघूनच माझी दाढ दुखायला लागते.

उभे धागे म्हणजे ताणा, आडवा धागा म्हणजे बाणा, आणि बाणा घेऊन इकडून तिकडे पळतो तो धोटा. धोटा फिरवण्यात काही विशेष नाही, अर्ध्या तासात जमलं. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "विणणं सोपं हो. ताणा चढवणं अवघड. सगळे धागे खोलीभर लांब ताणायचे, एका माणसानं समोर उभं राहून ते दोन मुठीत घट्ट धरायचे, आणि दुसऱ्यानं मागचा रूळ फिरवत गुंडाळून घ्यायचे. दोन माणसं लागतात."

मी विचारलं, "एकटीनं नाही होत?"

"होतं. पण मग कापड तसं होतं."

तसं म्हणजे कसं, ते काही त्यांनी सांगितलं नाही. मला असं अर्धवट बोलणं आवडत नाही.

१४ ऑक्टोबर

ह्यांना धरायला उभं केलं. समोर, दाराशी, दोन्ही मुठीत धागे. मी सांगितलं, काही झालं तरी सोडायचं नाही. हे म्हणाले, "बाईसाहेब, भूकंप झाला तरी."

भूकंप झाला नाही, फोन वाजला. एका हातातले धागे सोडून हे "हॅलो, हॅलो" करत बसले, आणि होता कोण, तर चुकीचा नंबर. एकशे वीस धाग्यांचा जो गुंता झाला तो सोडवायला मला पूर्ण दुपार लागली. मी एक अक्षर बोलले नाही. न बोलणं ह्यांना जास्त लागतं हे मला चाळीस वर्षांत कळलंय.

रात्री जेवताना हे हळूच म्हणाले, "धाकटीला बोलाव की. मागच्याच इमारतीत तर राहते."

मी ताट उचललं आणि उठले.

१५ ऑक्टोबर

लिहून टाकते एकदाचं, म्हणजे डोक्यातून जाईल.

माझी धाकटी बहीण. चार वर्षं झाली, आम्ही बोलत नाही. आई शेवटी तिच्याकडे होती. आईची अंघोळ आम्ही एकाआड एक दिवस घालायचो. त्या दिवशी पाळी माझी होती, पण प्रयोगशाळेची वार्षिक तपासणी निघाली, म्हणून धाकटीनं घातली. आणि आई तिच्या हातून पडली. न्हाणीघरात, उठवताना. खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर आई तीन महिने होती, आणि त्या तीन महिन्यांत एकदाही उभी राहिली नाही.

दवाखान्याच्या बाकावर सगळ्यांसमोर मी तिला म्हटलं, "तू सोडलंस तिला." ती फक्त म्हणाली, "हो, सुटली." रडली नाही, काही सांगितलं नाही. निदान पाय घसरला, साबण होता, काहीतरी म्हणायचं ना माणसानं! नुसतं, सुटली. त्या शब्दावरून माझं मन जे उठलं ते उठलं.

आता तिला मी माझा ताणा धरायला बोलावू?

२० ऑक्टोबर

युक्ती काढली. खुर्चीच्या पाठीला धागे बांधले आणि खुर्चीत शब्दकोश, इस्त्री आणि ह्यांचा जुना रेडिओ ठेवला. मी रूळ फिरवला की खुर्ची सरकत येते, वजनानं धागे ताठ राहतात. आपल्या डोक्याचं मला स्वतःलाच कौतुक वाटलं.

२५ ऑक्टोबर

कौतुक मागे घेते. मधे खुर्ची अडकली, मग एकदम सुटून आली. कापड होडीसारखं झालंय, दोन्ही टोकं वर. दातांच्या डॉक्टरांनी त्यात कप ठेवून बघितला, कप घसरत मधोमध आला. सगळे हसले. मीपण हसले, पण घरी येताना मला रडू येत होतं आणि ते काही होडीमुळे नव्हतं. कशामुळे होतं ते मला माहीत नाही.

२८ ऑक्टोबर

कोपऱ्यावरच्या दुकानासमोर माझी पिशवी फाटली, बटाटे रस्ताभर. नेमकी तेव्हाच धाकटी समोरून आली. ती थांबली, वाकली, आणि गोळा करायला लागली, पण कशी? एका हातानं. दुसरा हात स्वेटरच्या खिशात तसाच. एकेक बटाटा उचलून माझ्यापुढे करत होती, जणू मोठे उपकार. राणीसरकार! मी "राहू दे" म्हटलं, तिनं "घे" म्हटलं. चार वर्षांत एवढंच बोलणं.

ती गेल्यावर दुकानदार म्हणाला, "त्या घर सोडतायत ना? तीस तारखेला लेकीकडे जातायत, कायमच्या. इथलं आवरून."

मला वाटलं ऑक्टोबरच्या तीस तारखेला. म्हटलं, परवाच? तो म्हणाला, नोव्हेंबरच्या.

२ नोव्हेंबर

स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागच्या इमारतीतली तिची गॅलरी दिसते. मी काही मुद्दाम बघत नाही. भांडी घासताना समोर येतं ते येतं.

कपडे वाळत घालताना चिमटा दातात धरते अजून. आईनं शंभरदा सांगितलं होतं, दात जातील. चादर झटकत नाही, नुसती दोरीवर लोटते. आळशी आधीपासूनच. गॅलरीत खोकी रचायला लागलीय. आज सात होती.

९ नोव्हेंबर

आज काय झालं ते नीट लिहिते.

चार वाजता दार वाजलं. हे अगदी लगबगीनं उघडायला गेले, तिथेच मला संशय यायला हवा होता. दारात धाकटी. हातात आईची कात्री, ती मोठी काळ्या मुठीची. म्हणाली, "आवरताना सापडली. ताई, तुला विणायला होईल." मी विणते हे हिला कोणी सांगितलं? मी ह्यांच्याकडे बघितलं तर हे भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

मेजावर माग उघडाच होता, धागे खोलीभर ताणून दारामागच्या खुंटीला अडकवलेले. परत खुर्चीचाच प्रयोग करणार होते. धाकटीनं बघितलं आणि विचारलं, "हे धरायचं असतं?"

"दोन्ही मुठीत. अर्धे इकडे, अर्धे तिकडे. सारखा जोर."

तिनं धरलं. चार वर्षांनी ती माझ्यासमोर चार हातांवर उभी होती आणि आम्हा दोघींनाही हलता येत नव्हतं. मी रूळ फिरवला, गुंडाळीच्या थरांमधे कागद घालत गेले. ती एकेक पाऊल पुढे येत गेली. तिचे केस बरेच पांढरे झालेत. कपाळाला घाम होता, नोव्हेंबरात.

निम्म्यावर आल्यावर ती म्हणाली, "ताई, थांबू या का जरा?"

मी म्हटलं, "मधे नाही थांबता येत."

"बरं," म्हणाली आणि शेवटपर्यंत धरून राहिली. चहा दिला तो अर्धा पिऊन गेली. जाताना मी "ये" म्हटलं नाही, तिनं "येते" म्हटलं नाही.

ह्यांना विचारलं, तुम्ही सांगितलंत ना तिला? तर म्हणाले, कात्री सापडली असेल खरंच.

१२ नोव्हेंबर

मला माहीत होतं! चार बोटं विणून झाली आणि डावीकडचे धागे सैल. उजवी बाजू तारेसारखी, डावीकडे झोळी. धोटा तिथे अडकतो, कापड सुरकुततं. हिला एक काम सांगितलं, सारखा जोर लाव. तेवढंही लक्ष देऊन करता आलं नाही. मनात दुसरंच काही चाललं असेल. हिचं सगळं असंच, अर्ध्या मनानं. त्या दिवशीसुद्धा असंच.

रागानं वीत-दीड वीत विणून काढलं. तसंच वाकडं.

१५ नोव्हेंबर

माग उचलून वर्गात नेला, रिक्षात मांडीवर ठेवून. बाईंना दाखवलं. म्हटलं, बघा, ही माणसांची मदत.

बाईंनी चष्मा लावला, विणलेल्या भागावरून बोट फिरवलं, मग मागचा रूळ थोडा उलगडून बघितला. म्हणाल्या, "तुम्ही आत्ता जे विणलंय ना, ते गुंडाळताना सर्वांत शेवटी गेलेलं. रुळावर जे खोल आहे ते आधीचं. आत बघा, सुरुवातीला दोन्ही बाजू एकसारख्या ताठ आहेत. मग डावी हळूहळू सैल होत गेलीय. उजवी शेवटपर्यंत तशीच." मग चष्मा काढून म्हणाल्या, "लक्ष नव्हतं असं नाही. लक्ष नसलं की कुठेही सैल होतं. ज्यांनी धरलं त्यांच्या डाव्या हाताला काही दुखणं आहे का?"

मी म्हटलं, नाही.

घरी आले. अजून अंगातला स्वेटर काढलेला नाही.

१६ नोव्हेंबर

नाही म्हटलं मी. मला काय माहीत? चिमटा दातात. बटाटे एका हातानं. स्वेटरचा खिसा. मी सगळं बघत होते आणि प्रत्येक वेळी शेजारी तिसरा रकाना भरत होते.

आणि त्या दिवशीची सकाळ आठवली. आठवली म्हणजे काय, विसरले होते असं नाही, तिकडे मी जातच नव्हते. मी कामावर निघाले होते, चपला घालत होते, तेव्हा तिचा फोन आला. "ताई, आज अंघोळ उद्यावर ढकलू या का? नाहीतर तू उशिरा जा. माझ्या डाव्या हाताला मुंग्या येतायत, धड धरवत नाहीये."

मी काय म्हटलं तेही आठवतंय. "तुझं नेहमी काहीतरी असतंच. माझी तपासणी आहे."

तिनं "बरं" म्हटलं होतं. परवा धागे धरताना म्हणाली तसंच, अगदी तसंच.

१८ नोव्हेंबर

तिच्या इमारतीच्या फाटकापर्यंत गेले आणि परत आले. काय बोलणार? माझं चुकलं, हे वाक्य मी शेवटचं कधी उच्चारलं ते मला आठवत नाही.

ह्यांना सांगितलं सगळं. हे म्हणाले, "दुखणं काय ते मला माहीत नाही. पण लोणच्याची, कॉफीची, कसलीही बरणी असली की धाकटी माझ्याकडे उघडायला आणते. खाली फाटकाशी. दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं! आणि तुम्ही मला बोलला नाहीत?"

"तू ऐकून घेतलं असतंस?"

ह्यांच्यावर चिडायला मला नेहमी काहीतरी सापडतं. आज काही सापडलं नाही.

२२ नोव्हेंबर

वर्ग बुडवला. तिच्याकडे गेले.

घर खोक्यांनी भरलंय, बसायला जागा नाही. मी एका खोक्यावर बसले, ती दुसऱ्यावर. मी ते सुरकुतलेलं कापड नेलं होतं. तिच्या मांडीवर ठेवलं आणि म्हटलं, "तुझा डावा हात."

तिनं कापडाकडे बघितलं आणि तो हात खिशातून काढला. बोटं थोडी आत वळलेली. मूठ होते, पण फार वेळ टिकत नाही. मानेतली नस दबलीय, तेव्हापासूनच. डॉक्टर म्हणाले, आधी लक्ष दिलं असतं तर बरं.

मी म्हटलं, "तू मला सांगितलं होतंस. फोनवर."

"हो."

"मी ऐकलं नाही."

"हो."

"मग दवाखान्यात का नाही बोललीस? सगळ्यांसमोर मी तुला एवढं..."

ती म्हणाली, "तू म्हणाली असतीस, आता कारणं सांगतेस." मग म्हणाली, "आणि सुटली तर माझ्याच हातून ना, ताई. ते काय खोटं होतं?"

मग मात्र मी रडले. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, खोक्यावर बसून, नाक पुसायला काही नाही म्हणून ते सुरकुतलेलं कापडच घेऊन. माझं चुकलं म्हटलं. एकदा म्हटल्यावर तीन-चारदा म्हटलं, थांबवेनाच. धाकटी म्हणाली, "पुरे गं, खोकं खचेल." आईसारखंच बोलते ही. मी इतकी वर्षं काय काय ऐकलं नाही ह्याचा हिशेब लावायला गेले तर वही पुरायची नाही.

मी म्हटलं, "जाऊ नकोस." ती म्हणाली, तिकिटं काढून झालीत, लेक वाट बघतेय, आणि तिकडे हाताचे चांगले डॉक्टर आहेत. जायलाच हवं हे मलाही कळतं.

२९ नोव्हेंबर

उद्या सकाळी ती निघणार. आज दुपारी तिला बोलावलं. म्हटलं, तुझ्यासाठी गळपट्टा विणायचाय, तिकडे थंडी फार. रंग तू निवड. तिनं निळा आणि करडा घेतला. आईच्या शालीचे रंग.

धागे ताणून झाले. ती मागच्या वेळेसारखी समोर जाऊन उभी राहिली. मी म्हटलं, "तिथून हल. तू रुळाशी ये. फिरवायला एक हात पुरतो. धरते मी."

"तुला जमेल?"

"एकतीस वर्षं काचेच्या नळ्या धरल्यात मी."

धरलं. पहिली दोन मिनिटं काही वाटलं नाही. मग मनगटं भरून आली, मग खांदे. धागे बारीक, पण एकशे वीस जण मिळून ओढतात. ती शांतपणे फिरवत होती, उजव्या हातानं, डाव्या कोपरानं कागद दाबत. मला वाटलं, आता म्हणावं, थांबू या का जरा? लाज वाटली. दात आवळून उभी राहिले. आणि निम्म्यावर, काही कारण नसताना, ना फोन वाजला ना कोणी हाक मारली, माझी उजवी मूठ नुसती उघडली. साठ धागे सर्रकन खाली.

मी तशीच उभी.

धाकटीनं रूळ धरून ठेवला होता. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "सुटलं?"

"सुटलं."

"असू दे. तू आधी हात झटक. मग परत घेऊ."

आम्ही खाली बसून साठ धागे विंचरले, ती तिच्या एका हातानं, मी माझ्या दोन हातांनी. ह्यांनी न सांगता चहा केला आणि फोन काढून आतल्या खोलीत नेऊन ठेवला. मग परत घेतलं. ह्या वेळी दर चार फेऱ्यांनी ती स्वतःच म्हणायची, "थांबू या जरा." मधे थांबता येतं. बाईंना सांगायला हवं. नाही, त्यांना माहीत असणारच.

७ डिसेंबर

गळपट्टा झाला. उद्या पोस्टात टाकते. मधोमध एका जागी उजवीकडचे धागे सैल आहेत, तिथे हाताला लागेल अशी एक सुरकुती आलीय. उसवून नीट करता आलं असतं. ठेवली.

ह्या पानावर आज पट्टीनं चार रकाने आखले.

तारीख: २९ नोव्हेंबर.
काय सुटलं: निळे-करडे धागे, साठ.
कोणाच्या हातून: माझ्या.
कारण: हात थकला.